वाचकांचे प्रश्न : परिसर अभ्यासातले गुण आणि कुंडीतले गांडूळ

मुले आणि निसर्ग या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत आहे. परिसर अभ्यासात तिला पैकीच्या पैकी गुण मिळतात, ओझोनच्या थरापासून प्लास्टिकबंदीपर्यंत सगळे तोंडपाठ आहे आणि ‘झाडे लावा, झाडे जगवा’ या विषयावरच्या चित्राला बक्षीसही मिळाले आहे. परवा कुंडीतली माती बदलताना गांडूळ निघाले, तर ती किंचाळून आत पळाली आणि ‘ते मारून टाक’ म्हणाली. मग एवढे शिकून उपयोग काय झाला? — एक आई, पिंपरी-चिंचवड

उत्तर : तुमच्या मुलीने शाळेत जे शिकवले गेले ते उत्तम रीतीने आत्मसात केले आहे, गांडुळाशी ओळख करून देणे हा त्या शिकवण्याचा भागच नव्हता. आपल्याकडे एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा निर्देश दिला आणि २००३ साली एनसीईआरटीला त्यासाठी आदर्श अभ्यासक्रम तयार करायला सांगितले. निर्णय महत्त्वाचा होता, परंतु सक्तीचा विषय म्हटला की पुस्तक, परीक्षा आणि गुण आलेच, आणि गुण देता येतात ते माहितीला. १९७७ साली तिबिलिसी येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने पर्यावरण शिक्षणाची उद्दिष्टे ठरवताना ज्ञानाबरोबरच जाणीव, वृत्ती, कौशल्य आणि प्रत्यक्ष सहभाग यांचाही स्पष्ट उल्लेख केला होता. त्यांतले ज्ञान आपण उचलले आणि बाकीचे चार फलकावर लिहून ठेवले, असे मला खेदाने म्हणावे लागते.

माहिती वाढली की वृत्ती बदलते आणि वृत्ती बदलली की वागणे बदलते, ही साखळी इतकी सरळ वाटते की तिच्याविषयी शंका घ्यावीशीच वाटत नाही. हॅरॉल्ड हंगरफोर्ड आणि ट्रुडी व्होक या अमेरिकी अभ्यासकांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन १९९० सालीच दाखवून दिले की प्रत्यक्षात ती तशी चालत नाही. पुढे २०१७ मध्ये सिगमार ओटो आणि पामेला पेन्सिनी यांनी बर्लिनमधील नऊ ते अकरा वर्षांच्या २५५ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांच्या पर्यावरणविषयक वागण्यात जो फरक आढळला, त्यापैकी सुमारे ६९ टक्के फरकाची संगती निसर्गाविषयी वाटणाऱ्या जवळिकीशी लागत होती आणि माहितीशी केवळ २ टक्के फरकाची. हे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगायला हवी. मुलांनी स्वतःच भरून दिलेल्या प्रश्नावलीवर ते आधारलेले आहेत, आणि दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे सिद्ध होत नाही. तरीही फरक इतका मोठा आहे की तो नजरेआड करता येत नाही.

त्याच वर्षी डर्बी विद्यापीठातील रायन लंबर, माइल्स रिचर्डसन आणि डेव्हिड शेफील्ड यांनी ही जवळीक कशातून निर्माण होते याचा शोध घेतला. इंद्रियांनी घेतलेला अनुभव, भावना, करुणा, सौंदर्य आणि स्वतःला जाणवलेला अर्थ या पाच वाटा त्यांना उपयोगी पडताना दिसल्या. नावे, वर्गीकरण आणि शास्त्रीय माहिती यांची वाट तशी उपयोगी पडताना दिसली नाही. यावरून माहिती निरुपयोगी आहे असे कोणी समजू नये, कारण जवळीक असलेल्या मुलाला माहितीची भूक लागतेच. क्रम मात्र उलटा आहे.

किळसेचे म्हणाल, तर तिच्यावर रागावू नका. रॉबर्ट बिक्सलर आणि मायरन फ्लॉइड यांनी १९९७ साली अमेरिकेतील शाळकरी मुलांच्या अभ्यासात दाखवले की ज्यांना चटकन किळस येते, ती मुले रानापेक्षा आखीव बाग आणि घराबाहेरच्या खेळांपेक्षा घरातले खेळ पसंत करतात, म्हणजे जिथे किळस कमी होण्याची संधी असते तिथून ती आपणहून दूर राहतात. म्हणून पुढच्या वेळी कुंडी उपसाल तेव्हा गांडूळ हातात घेण्याचा आग्रह धरू नका. एका जाड कागदावर ते अलगद ठेवा, पंखा बंद करा आणि तिला फक्त कान लावून ऐकायला सांगा. गांडुळाच्या वलयांवर बारीक ताठ केस असतात आणि ते पुढे सरकताना कागदावर अगदी हलकी खरखर ऐकू येते. मग ते ओल्या मातीत परत सोडा, कारण त्याची त्वचा कोरडी पडली तर त्याला श्वास घेता येत नाही. किळस एका दिवसात जाणार नाही, पण ज्याचा आवाज आपण ऐकला आहे त्याला ‘मारून टाक’ म्हणणे मुलांना जड जाते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : मी जव्हार तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. ‘मुलांना निसर्गात न्या’ असे प्रत्येक प्रशिक्षणात ऐकतो. आमची वारली आणि कोकणा मुले तिथेच राहतात. ती ओढ्यात खेकडे धरतात, रानभाज्या आणतात, लाकूडफाटा वाहतात. वर्गात मात्र ‘वनस्पतीचे भाग सांगा’ म्हटले की मान खाली घालतात. तुमचे हे संशोधन आमच्यासाठी आहे का? — एक शिक्षक, पालघर जिल्हा

उत्तर : गुरुजी, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर ‘फार थोडे’ असे आहे. या विषयावरचे बहुतेक संशोधन युरोप, उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील शाळकरी मुलांवर झालेले आहे. निसर्गाशी जवळीक मोजण्याच्या प्रश्नावलीत ‘मला निसर्गात वेळ घालवायला आवडते’ अशा धर्तीची विधाने असतात आणि मुलाने होकार किंवा नकार द्यायचा असतो. निसर्ग ही घरातून निघून जाण्याची जागा आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. जी मुलगी सकाळी पाणी आणि संध्याकाळी मोळी घेऊन त्याच वाटेने येते, तिच्यासाठी रान हे काम आहे, जेवण आहे, सापाची भीती आहे आणि खेळही आहे. तिने अशा विधानापुढे कोणती खूण करावी? तिची खूण चुकली तर दोष मोजपट्टीचा आहे, हे प्रशिक्षणात ठामपणे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

एक निष्कर्ष मात्र तुमच्या बाजूने बोलतो. नॅन्सी वेल्स आणि क्रिस्टी लेकीस यांनी अमेरिकेतील शहरी भागांत राहणाऱ्या दोन हजार प्रौढांच्या बालपणीच्या आठवणींचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. अकरा वर्षांचे होण्याआधी रानात भटकणे, मुक्काम करणे, मासेमारी, अगदी शिकार करणे यांचा मोठेपणीच्या पर्यावरणविषयक आस्थेशी आढळलेला संबंध हा फुले तोडणे, रोपे लावणे अशा बागेतल्या अनुभवांच्या संबंधापेक्षा अधिक बळकट होता. निसर्गाकडून काही घेतले म्हणजे प्रेम कमी होते असे त्यात दिसत नाही. खेकडे धरणाऱ्या मुलाला ‘प्राण्यांवर दया करा’ हा धडा शिकवताना त्याला अपराधी वाटणार नाही, एवढी काळजी अवश्य घ्या. कोणत्या दगडाखाली खेकडा असतो, पिल्ले पोटाशी धरलेली मादी कशी ओळखायची, हे त्याला ठाऊक असते, आणि तेच परिसर अभ्यासाचे खरे प्रात्यक्षिक आहे.

मुले मान खाली घालतात याचे कारण अज्ञान हे नाही. त्यांचे ज्ञान ज्या बोलीत आहे, त्या बोलीत शाळा प्रश्न विचारत नाही. जूनच्या पहिल्या पावसानंतर शेवळं उगवतात तेव्हा हे करून पाहा. मुलांना शेवळं आणायला सांगा आणि ती घरी कशी शिजवतात ते त्यांनाच विचारा. ती सांगतील की शेवळं खाजरी असतात, म्हणून त्यांत काकडाची आंबट फळे किंवा चिंच घालतात. आता फळ्यावर तुमचा धडा सुरू होऊ द्या: ही सुरणाच्या कुळातली वनस्पती आहे, आपण खातो तो तिचा फुलोरा आहे, आणि खाज येते ती तिच्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. आंबट घातल्याने खाज का कमी व्हावी, हा प्रश्न आठवीच्या वर्गालाही विचार करायला लावील. वनस्पतीचे भाग त्या दिवशी वेगळे शिकवावे लागणार नाहीत.

पुढचे पाऊल म्हणून शाळेची रानभाज्यांची वही सुरू करता येईल. कुर्डू, टाकळा, भारंगी, करटोली कोणत्या आठवड्यात आली, कुठे मिळाली, कोणी आणली आणि घरात तिला काय म्हणतात, एवढे लिहिले तरी पुरे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे परिसरातल्या सजीवांची आणि त्यांच्याविषयीच्या स्थानिक ज्ञानाची नोंद, ठेवायची असते. मुलांच्या वहीतल्या नोंदी आजीआजोबांकडून तपासून त्या नोंदवहीत गेल्या, तर आपल्या घरातले ज्ञान सरकारी दप्तरात मानाने लिहिले जाते हे मुले स्वतः पाहतील.

प्रश्न : आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो. नातू सहा वर्षांचा आहे. मला झाडांची, पक्ष्यांची फारशी नावे येत नाहीत. मी त्याला काय शिकवणार? — एक आजोबा, ठाणे

उत्तर : आजोबा, शिकवू नका, सोबत राहा. लुईस चावला यांनी केंटकी आणि नॉर्वेमधील पर्यावरण कार्यकर्त्यांच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांच्या आठवणींत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या: लहानपणी वारंवार गेलेली एखादी जागा आणि त्या जागेकडे मन लावून पाहणारे घरातले कोणी मोठे माणूस. सलीम अली यांच्याही बाबतीत असेच घडले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती हे विचारायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड यांच्याकडे पाठवले आणि मिलार्ड यांनी त्या मुलासमोर पक्ष्यांच्या संग्रहाचे कप्पे एकामागून एक उघडले. (तसे मामा लाभूनही पक्षितज्ज्ञ न झालेली मुले पुष्कळ असतील, आणि अशा मुलाखतींत त्यांची गणती होत नाही, हेही नमूद करायला हवे.)

तुम्ही सोसायटीतले एकच झाड निवडा, सावर असेल तर उत्तमच. दर रविवारी त्याच्याखाली वीस मिनिटे बसा. हिवाळ्याच्या अखेरीस पाने गळून लाल फुले आली की मैना, बुलबुल, कावळे आणि खारी त्यावर गर्दी करतील, आणि नातू प्रश्न विचारू लागेल. उत्तर येत नसेल तर ‘मलाही माहीत नाही, बघू या’ असे सांगा. ‘सीझनवॉच’ या देशव्यापी उपक्रमात अशाच एका झाडाची पाने, फुले आणि फळे दर आठवड्याला पाहून नोंदवायची असतात. त्यात तुम्हा दोघांनाही भाग घेता येईल.

प्रश्न : हवामानबदलाची एक चित्रफीत पाहिल्यापासून आमचा आठ वर्षांचा मुलगा रात्री घाबरून उठतो. हे विषय त्याच्यापासून लपवावेत का? — एक वडील, नाशिक

उत्तर : डेव्हिड सोबेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९९६ साली आग्रहाने मांडले की चौथीपर्यंतच्या मुलांवर पृथ्वीवरील संकटांचा भार टाकू नये, कारण प्रेम जडण्याआधीच भीती बसली तर मूल निसर्गापासून दूर जाते. हे मत अनुभवी शिक्षकाचे आहे, प्रयोगाने सिद्ध झालेले नाही. पण मला ते पटते. अर्थात आता त्याने पाहिलेच आहे, तेव्हा लपवण्याचा प्रश्न उरत नाही. ‘काही होत नाही, झोप’ असे म्हटले तर भीती जाणार नाही, ती तो एकट्याने बाळगील.

मारिया ओयाला यांनी स्वीडनमधील बारा वर्षांच्या मुलांच्या अभ्यासात पाहिले की काय करता येईल याचाच सतत विचार करणारी मुले कृतिशील असतात, परंतु त्यांच्या मनावर ताणही अधिक असतो. ज्यांना इतर माणसेही या कामात गुंतलेली आहेत असा विश्वास वाटतो आणि परिस्थितीची चांगली बाजूही दिसते, त्यांच्यात कृतिशीलता आणि मनःस्वास्थ्य ही दोन्ही टिकून राहतात. त्यामुळे त्याच्याकडून दिवे बंद करण्याच्या शपथा घेण्यापेक्षा, तुमच्या शहरात नदी स्वच्छ करणारी, रोपवाटिका चालवणारी मोठी माणसे काम करताना त्याला दाखवा, आणि हे काम मोठ्यांचे आहे, तू हवे तर मदत कर, असे स्पष्ट शब्दांत सांगा. काही आठवड्यांत झोप सुधारली नाही, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्या.

प्रश्न : मुलगी चौथीत आणि मुलगा नववीत आहे. दोघांनाही चार दिवसांच्या निसर्ग शिबिराला पाठवावे का? मुलगा नाही म्हणतो. — एक पालक, कोल्हापूर

उत्तर : मुलीला जरूर पाठवा. जर्मनीत अॅन लीफलेंडर आणि सहकाऱ्यांनी चार दिवसांच्या अशाच एका कार्यक्रमाचा परिणाम तपासला. नऊ-दहा वर्षांच्या मुलांमध्ये निसर्गाशी वाढलेली जवळीक महिनाभरानंतरही टिकली, अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांमध्ये ती टिकली नाही. ब्रिटनमधील पाहणीतही ही जवळीक किशोरवयात घटून पंधरा-सोळाव्या वर्षी सर्वांत कमी आणि पुढे हळूहळू वाढताना दिसते, तेव्हा मुलाच्या नकाराने खचून जाऊ नका. या वयात त्याला मित्र हवे असतात आणि स्वतःच्या भरवशावर करता येईल असे काम हवे असते. फेब्रुवारीच्या मध्यास चार दिवस जगभर पक्षिगणना होते आणि तिच्यात कोणालाही, आपल्या गल्लीतूनसुद्धा, पंधरा मिनिटांची यादी पाठवता येते. रंकाळ्यावर सकाळी जाऊन ती करायला त्याचे दोन मित्र तयार असतील, तर तुम्ही सोबत जाण्याचीही गरज नाही.