ऊन उतरलं की होईल बरा

"मॅडम, दर उन्हाळ्यात याचं असंच होतं. पाऊस लागला की आपोआप ठीक होतो. मग डॉक्टरला दाखवायची खरंच गरज आहे का?"

मी समुपदेशक आहे. एप्रिल-मे लागला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. नागपुरात तो पडणं साहजिकच आहे. पारा 45 अंशांवर गेला की मोठी माणसंही चिडचिडी होतात, अन्न नकोसं होतं, रात्री धड झोप लागत नाही. अशात घरातला मुलगा गप्प झाला, तुटक बोलू लागला, तर खापर उन्हावर फुटतं. जुलैत तो सावरतो आणि सगळे निर्धास्त होतात. मग पुढच्या मार्चपर्यंत तो विषय कोणी काढत नाही. माझं उत्तर स्पष्ट आहे: दाखवा, आणि ऊन उतरायची वाट पाहू नका, कारण हे उन्हाळ्यात येणारं नैराश्य असू शकतं. असं का, ते एका मुलाच्या अनुभवातून सांगते. त्याला इथे सोहम म्हणू या. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सोहम सोळा वर्षांचा. अकरावी झालेली, बारावीचं वर्ष समोर, मेडिकलच्या प्रवेशासाठी 'नीट' परीक्षेचा क्लास लावलेला. घर मानेवाड्याकडे. बाबा हिंगण्याच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये कामाला, आई घरीच ब्लाऊज शिवते, सोबत आजी. मे महिन्यात आई त्याला घेऊन आली, पण यायचं त्यानंच ठरवलं होतं. रात्री गच्चीवर सगळे झोपलेले असताना त्यानं आईला हलवून उठवलं आणि म्हणाला, "आई, मला कोणाला तरी दाखवशील का?" आईनं तेव्हा 'काय झालं, कोणी काही बोललं का' अशी सरबत्ती केली नाही. "जाऊ उद्या," एवढंच म्हणाली. या उत्तराचं मला फार मोल वाटतं. मूल इतकं बोलतं तेव्हा त्यामागे कित्येक रात्रींचा धीर गोळा केलेला असतो, आणि पहिल्याच वाक्याला उलटतपासणी झाली तर ते पुन्हा तोंड उघडत नाही.

बाबांचं म्हणणं वेगळं होतं. "आम्ही का सावलीत वाढलो, मॅडम? आमच्या घरी तर कूलरही नव्हता. याला विचारा काय करून राहिला, तर मोबाईल पाहून राहिला. काही बोललं की अंगावर येतो." आजीला नजर लागल्याची शंका होती. तिनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या होत्या आणि रोज कैरीचं पन्हं करून द्यायची. मी दोघांनाही खोडून काढलं नाही. बाबांच्या बोलण्यातली 'अंगावर येतो' ही माहिती माझ्या कामाची होती. नैराश्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रडणारं माणूस येतं. किशोरवयात मात्र ते बरेचदा चिडचिडीच्या रूपात दिसतं, आणि मुलगा असेल तर 'माजलाय' म्हणून निकाल लागतो.

सोहमशी मी एकट्याशी बोलले. बोलण्याआधी एक गोष्ट सांगितली, जी मी प्रत्येक मुलाला सांगते: तू इथे बोलशील ते माझ्याजवळ राहील, पण तुझ्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर आईबाबांना सांगावंच लागेल, आणि सांगण्याआधी तुला कळवीन. मुलं हे ऐकून गप्प होतील असं वाटतं. उलट नियम आधी कळला की ती मोकळी होतात.

तो म्हणाला, "मित्र खालून हाक मारतात. मला जायचं असतं मॅडम, खरंच. चप्पल घालायचीच तेवढी असते. पण ते होतच नाही." रात्री तीन-तीन वाजेपर्यंत डोळा लागत नव्हता. जेवण जेमतेम. बोलता बोलता पट्ट्याशी चाळा करत होता. त्या पट्ट्याला घरीच खिळ्यानं पाडलेलं नवं भोक होतं, कारण जुन्या शेवटच्या भोकावरही पॅन्ट कमरेवर राहत नव्हती.

मग त्यानं जे सांगितलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. त्यानं इंटरनेटवर शोधलं होतं. ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याबद्दल जे जे सापडलं ते हिवाळ्याचं होतं: बर्फ, लहान दिवस, काळोख, खूप झोप, गोड खावंसं वाटणं, वजन वाढणं. त्याचं सगळं उलटं. "म्हटलं, मग मला हे नाहीच. मी नाटक करतोय की काय, असं मलाच वाटायला लागलं."

त्याला मी समजावलं ते इथेही सांगते. ऋतूंबरोबर येणाऱ्या-जाणाऱ्या नैराश्याचं वर्णन अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये केलं. ते मुख्यतः हिवाळ्यातल्या नैराश्याचं होतं, आणि विषुववृत्तापासून लांबच्या देशांत हाच प्रकार जास्त दिसतो. पण काही जणांना नैराश्य उन्हाळ्यात येतं, हेही त्याच दशकात नोंदलं गेलं. त्यात झोप उडते, भूक मरते, वजन उतरतं, अस्वस्थता आणि चिडचिड वाढते. हा प्रकार कमी आढळतो, म्हणून त्याबद्दल लिहिलंही कमी जातं. सोहमनं वडिलांकडे प्रकाशोपचाराचा दिवा मागितला होता. 10,000 लक्स इतक्या प्रखर उजेडाचा तो दिवा सकाळी अर्धा तास समोर ठेवून बसायचं असतं, पण ते हिवाळ्यातल्या प्रकारासाठी. शिवाय ज्यांना कधी उन्मादाचा, म्हणजे अति उत्साहाचा झटका येऊन गेला आहे, त्यांना तो दिवा उलट त्रास देऊ शकतो. डॉक्टरांना न विचारता मागवायची ती वस्तू नाही.

आता हे खरंच ऋतूशी बांधलेलं आहे की नुसतं अभ्यासाचं ओझं? उन्हाळा म्हणजे निकाल, प्रवेश, नवा क्लास, त्यामुळे हा घोळ नेहमी होतो. दरवर्षी ठरावीक महिन्यात ठरावीक ताण येत असेल, तर आधी त्या ताणाकडे पाहावं लागतं. किमान सलग दोन वर्षं त्याच ऋतूत त्रास सुरू होऊन ऋतू सरल्यावर पूर्ण ओसरतो का, हेही पाहतात. पण दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मुलगा कसा होता, हे कोणाला आठवतं? मी आईला विचारलं, घरात काही लिहून ठेवलेलं आहे का?

पुढच्या वेळी ती पिशवीतून भिंतीवरच्या जुन्या दिनदर्शिका घेऊन आली. तारखांच्या चौकोनांत बारीक अक्षरांत तिचा संसार होता: दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कोणाचा ब्लाऊज कधी द्यायचा. मधूनच सोहम डोकावत होता. मागच्या वर्षीच्या मेमध्ये 'सोहम – डॉक्टर, भूक नाही, टॉनिक'. जूनमध्ये 'क्लासला गेला नाही', खाली पुन्हा तेच, पुन्हा तेच. त्याआधीच्या वर्षी, नववी झाल्यावर, काटोलजवळ मामाच्या गावाला गेला होता. महिनाभर राहायचा तो आठवड्यात परत आला: 'सोहमला घेऊन आलो, करमत नाही म्हणतो'. त्या सुट्टीत ना परीक्षा होती ना क्लास. आणि दोन्ही वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'सोहम मारबत पाहायला, उशिरा आला'. मित्रांबरोबर मिरवणुकीत फिरून रात्री घरी येणारा तोच हा मुलगा. आई त्या चौकोनांकडे बघत राहिली. वर्षं तिच्याच हातानं लिहिलेली होती, पण एकाशेजारी एक ठेवून कधी पाहिली नव्हती.

मी सोहमला सरळ विचारलं, "जगणं नकोसं वाटतं का? मरणाचे विचार येतात का?" असं विचारलं तर नसलेला विचार मुलाच्या डोक्यात शिरेल, अशी पालकांना भीती असते. तसं होत नाही. कोणीतरी विचारलं याचं मुलांना हायसंच वाटतं. सोहम म्हणाला, "सकाळी जागच आली नाही तर बरं, असं वाटतं. पण काही करायचं असं नाही." हे ऐकल्यावर थांबायचं नसतं. ठरल्याप्रमाणे त्याला सांगूनच मी आईबाबांना आत बोलावलं. आजीच्या गोळ्यांचा डबा आईच्या कपाटात कुलपात ठेवायचा, काही दिवस सोहमनं रात्री एकट्यानं झोपायचं नाही, हे ठरलं. आणि त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, कारण निदान करणं आणि औषध देणं हे त्यांचं काम आहे. समुपदेशकानं ते करू नये, आणि करतो म्हणणाऱ्यापासून पालकांनी दूर राहावं.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलं: हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-12. यांची कमतरता असली तरीही थकवा आणि उदासी येते. घराण्यात कोणाला असा त्रास होता का, सोहमला कधी न झोपताही भलताच उत्साह चढला होता का, हेही विचारलं. तपासण्या ठीक आल्या. मग कमी मात्रेत नैराश्यावरची गोळी सुरू झाली. सुरुवातीच्या काही आठवड्यांत दर आठवड्याला यायला सांगितलं. या वयात सुरुवातीला क्वचित अस्वस्थता आणि मरणाचे विचार वाढू शकतात, म्हणून ही देखरेख असते. आपल्या उन्हाच्या गावात आणखी एक विचारून घ्यावं: मनाच्या आजारांवरची काही औषधं घेताना ऊन जास्त बाधतं, किंवा पाणी कमी पडून चालत नाही. गोळी लिहून घेताना उन्हाळ्यात काय सांभाळायचं, ते डॉक्टरांना विचारा.

माझ्याकडे आमचं काम झोपेपासून सुरू झालं. शरीर आतून थोडं थंड झालं की झोप लागते, आणि सोहमची खोली पश्चिमेची. दिवसभर तापलेली भिंत मध्यरात्रीपर्यंत धग सोडायची, आणि पलंग नेमका त्या भिंतीला लागून. पलंग पूर्वेच्या खोलीत गेला, आजी पुढच्या खोलीत आली. झोपण्याआधी आंघोळ, मोबाईल आईच्या शिलाई मशीनच्या खणात, दुपारची झोप अर्ध्या तासावर. उठायची वेळ एकच, रात्र कशीही गेली तरी. मेमध्ये साडेपाचला उजाडतं, तेवढीच काय ती अंगाला सोसणारी हवा. बाबा रात्रपाळीहून आले की त्याला मैदानावर चक्कर मारायला न्यायचे. आजाराबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, आजही फारसे बोलत नाहीत. पण पहाटे घरी येऊन चहाही न घेता मुलासोबत निघायचे, आणि सोहमला ते पुरेसं कळत होतं. पन्हं चालू ठेवायला मी आवर्जून सांगितलं. काहीच पोटात जात नव्हतं तेव्हा ते जात होतं.

बाकी आम्ही अगदी छोटं ठरवायचो. 'मित्रांबरोबर खेळ' नाही, नुसतं चप्पल घालून फाटकापर्यंत ये. मन लागेल तेव्हा करू, असं नैराश्यात म्हणून चालत नाही. आधी करावं लागतं, मन मागून येतं.

जुलैत पाऊस लागला, सोहम हसू लागला, आणि बाबा म्हणाले, "आता गोळी बंद करू ना?" मी सुरुवातीला दिलेला प्रश्न तो हाच, दुसऱ्या शब्दांत. बरं वाटतंय म्हणून गोळी मनानं बंद केली, तर गरगरणं, झोप उडणं असे त्रास होतात आणि नैराश्य उलटण्याची भीती राहते. कधी आणि कशी कमी करायची ते डॉक्टर ठरवतात. आणि ऊन उतरण्याची वाट पाहण्यातलं नुकसान मोजा: मार्चअखेर ते जुलै म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा. तेवढा काळ सोळाव्या वर्षी दरसाल गेला, तर मित्र तुटतात, अभ्यास मागे पडतो, आणि 'मी असाच आहे' हे मुलाच्या मनात घट्ट बसतं. शिवाय जिवाचा धोका ऋतू संपायची वाट पाहत नाही.

पुढच्या वर्षी आम्ही फेब्रुवारीतच बसलो. बारावीची परीक्षा उन्हाच्या आधी होती, पण नीट ऐन मेमध्ये. नवा अभ्यास त्यानं जानेवारीतच संपवला होता, म्हणून एप्रिल-मेमध्ये फक्त पहाटेची उजळणी ठरवली. खिडकीला हिरवी जाळी होळीआधीच लागली. एप्रिलमध्ये त्याचाच मेसेज आला, "मॅडम, सुरू झालं असं वाटतंय." त्याच आठवड्यात डॉक्टरांनी पाहिलं. त्रास झाला, झोप बिघडली, काही दिवस फार वाईट गेले. पण परीक्षा त्यानं दिली, आणि पट्ट्याला आणखी भोक पाडावं लागलं नाही.

हे एखादा सोळा-सतरा वर्षांचा वाचक वाचत असेल तर त्याला: दोन आठवडे बहुतेक दिवस असंच जात असेल, तर कारण सापडायची वाट बघू नकोस. 'मला झोप येत नाही, भूक नाही, कशातच मन नाही, मला दाखवायचंय' एवढं वाक्य पुरतं. आईबाबांना म्हणता येत नसेल तर मावशीला, काकाला, शाळेतल्या बाईंना म्हण. अठराच्या आतल्या मुलांच्या उपचारात पालक लागतात, पण घरात हा विषय काढायला ही माणसं मदत करू शकतात. पैशांची अडचण असेल तर नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत, दोन्हीकडे मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या नावाला घाबरू नकोस, तिथेही बाहेरच्या बाहेर दाखवून घरी येता येतं. आणि रात्री कोणीच जागं नसेल तेव्हा 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे: सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर सकाळ व्हायची वाट न बघता घरातल्या कोणालाही उठव.