ताब्याच्या दाव्याचं समन्स आलं आणि वकील नाही

प्रश्न : पुण्यात नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यात आम्ही ३५ वर्षं भाड्याने राहतो. पावती मिस्टरांच्या नावावर होती. ते ४ वर्षांपूर्वी गेले. मी आणि मुलगा तेव्हाही त्यांच्यासोबत होतो, आजही तिथेच आहोत. मध्यंतरी वाडा विकला गेला. नवे मालक भाडं घेत नाहीत, मनीऑर्डर परत येते. आता शिवाजीनगर कोर्टातून समन्स आलंय : भाडं थकलं, शिवाय मालकांना स्वतःसाठी जागा हवी, म्हणून ताबा द्या. तारीख १८ दिवसांवर आली आहे. एका वकिलांनी ६०,००० रुपये सांगितले. मी शिवणकाम करते, एवढे कुठून आणू? दीर म्हणतात, वकील नसेल तर जाऊच नकोस, मी मालकांशी बोलून कागद करतो. भाचा लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तो माझ्या वतीने बोलला तर चालेल का?

उत्तर : ताई, दिरांचं ऐकू नका. वकील मिळो न मिळो, तारखेला तुम्ही स्वतः कोर्टात हजर असलंच पाहिजे. पहिल्या तारखेला कोणी घराबाहेर काढत नाही. पुरावा होतो, युक्तिवाद होतो, मग निकाल. आणि निकाल विरुद्ध गेला तरी ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. पण पुकारा झाला आणि तुम्ही नसलात, तर दावा एकतर्फी चालवण्याचा हुकूम होऊ शकतो. तो रद्द करून घेता येतो, मात्र त्यासाठी गैरहजेरीचं सबळ कारण द्यावं लागतं. ‘वकील नव्हता म्हणून आले नाही’ हे कारण कोर्टाला सहसा पटत नाही.

आता वकिलाचं. तुम्हाला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला हा हक्क आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. शिवणकामातून किती मिळतं, मुलगा कमावतो का, यावर तो अवलंबून नाही. आपल्याकडे हे फार थोड्या बायकांना माहीत असतं, आणि न परवडणारी फी भरण्यासाठी त्या दागिने मोडतात, याचं मला फार वाईट वाटतं. शिवाजीनगरच्या कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. समन्स, दाव्याची प्रत आणि ओळखपत्र घेऊन जा, अर्ज भरा. जायच्या आधी काही विचारायचं असेल तर १५१०० या क्रमांकावर फोन करा. नेमलेल्या वकिलांची फी प्राधिकरण देतं, तुमच्याकडून त्यांनी काही मागायचं नाही. कोणी मागितलंच, तर त्याच कार्यालयात लेखी सांगा. पटलं नाही तर वकील बदलून मागता येतो.

अर्ज आजउद्याच करा, कारण वकील नेमून हातात कागद पडेपर्यंत दिवस जातात. तारखेपर्यंत नेमणूक झाली नाही, तर साध्या कागदावर मराठीत लिहून न्या : ‘मी विधी सेवा प्राधिकरणाकडे वकिलासाठी अर्ज केला आहे, कैफियत देण्यासाठी मुदत मिळावी.’ खाली सही, सोबत अर्जाची पोच. पुकारा झाला की पुढे होऊन द्या. कैफियत, म्हणजे तुमचं लेखी उत्तर, समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते. कारण पटलं तर कोर्ट ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. दाव्यासोबत तातडीच्या मनाई हुकमाचा वेगळा अर्ज, कोर्टात ज्याला निशाणी ५ म्हणतात, जोडलेला आहे का तेही पाहून घ्या. असेल तर त्याचं उत्तर आधी द्यावं लागेल.

भाच्याला कोर्टात तुमच्या वतीने युक्तिवाद करता येणार नाही. सनद असलेल्या वकिलालाच तो अधिकार आहे, बाकी कोणाला बोलायचं तर कोर्टाची खास परवानगी लागते. पण त्याला सोबत न्याच. कागद वाचून दाखवायला आणि पुढची तारीख लिहून घ्यायला तो फार उपयोगी पडेल.

तुमच्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती थकबाकीची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १५ प्रमाणे थकबाकीसाठी दावा लावण्याआधी मालकाने लेखी मागणी करून ९० दिवस थांबायला हवं. अशी नोटीस तुम्हाला आली होती का, कधी आली, ते शोधा. त्याच कलमात तुमचं घर वाचवणारी तरतूद आहे. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकलेलं भाडं आणि कायद्याने मान्य वाढ, त्यावर दरसाल १५ टक्के सरळ व्याज, कोर्टात भरलं, निकालापर्यंत पुढचं भाडं नियमित भरत राहिलात आणि दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावर ताबा देण्याचा हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकालाचा आदेश, होत नाही. इथे ‘नियमित’चा अर्थ कोर्ट कडकपणे लावतं. रकमेचा हिशेब वकिलांकडून करून घ्या, अंदाजाने भरू नका, कारण कमी भरणा म्हणजे न भरल्यासारखंच धरलं जाण्याचा धोका असतो. परत आलेल्या मनीऑर्डरच्या पावत्या एकही टाकू नका. तुम्ही भाडं द्यायला तयार होतात, हे त्यातूनच दिसतं.

मालकांच्या गरजेबद्दल थोडक्यात. ती प्रामाणिक आणि वाजवी आहे हे त्यांनी सिद्ध करायचं असतं. ते झालं तरी कलम १६ प्रमाणे कोर्ट पाहतं, की जागा गेल्याने तुमची अडचण मोठी की न मिळाल्याने त्यांची. तुम्हाला दुसरं घर नाही, कमाई किती, मुलगा काय करतो, हे सगळं कैफियतीत आलं पाहिजे. वकिलांना पहिल्याच भेटीत सांगा.

राहिला दिरांचा ‘कागद’. दीर तुमच्यासोबत राहत नसतील, तर या जागेबाबत त्यांच्या सहीने तुमचा हक्क जात नाही. भाडेकरू वारल्यावर त्याच्यासोबत तिथे राहणाऱ्या कुटुंबीयांना कायदा भाडेकरू मानतो, म्हणजे तुम्ही आणि मुलगा. तुमची सही मात्र कशावरही नको. तडजोडीचा कागद कोर्टात दाखल होऊन त्यावर हुकूमनामा झाला, की त्याविरुद्ध अपील नसतं. तडजोड करायचीच असेल तर वकिलांसमोर, रक्कम, मुदत आणि पर्यायी जागा स्पष्ट लिहून, आणि तुम्ही स्वतः वाचून.

खाजगी वकीलच हवे असतील, तर फी किती टप्प्यांत आणि कशाची, हे आधी लिहून घ्या आणि प्रत्येक रकमेची पावती मागा. निकाल लागल्यावर टक्केवारी घेऊ, असं कोणी म्हटलं तर तिथून उठा, वकिलांना तसं ठरवायला मनाई आहे. वकीलपत्रावर, म्हणजे वकिलांना तुमच्या वतीने काम करण्याचा अधिकार देणाऱ्या कागदावर, सही करण्याआधी ते वाचा. मूळ पावत्या कोणालाच देऊन ठेवू नका, झेरॉक्स द्या. वकील बदलायची वेळ आली तर फी बाकी आहे म्हणून तुमचे कागद अडवून ठेवता येत नाहीत.