आजोबांच्या झेनिटवरची हेलिओस लेन्स सोनी ए-६००० ला लावू, की सरळ नवी ५० एमएम घेऊ? शार्पनेसमध्ये किती फरक पडेल?

लावा. नवीचं नंतर बघा.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक वाक्य आहे: "माझा भाऊ म्हणतो लेन्स खराब आहे, त्याच्या निकॉन डीएसएलआरवर लांबचं काही फोकसच झालं नाही." मी उत्तर लिहायला बसलो ते या वाक्यामुळे. अगदी हेच वाक्य आमच्या घरी २०१३ च्या दिवाळीत बोललं गेलं आणि त्यापायी एक धडधाकट लेन्स आठ वर्षं कपाटात पडून राहिली.

आमचे वडील, अण्णा, चिपळुणात शाळेत विज्ञान शिकवायचे. १९८४ साली त्यांनी मुंबईत बोरा बाजारातून सेकंडहँड झेनिट-ई घेतला. त्यावर होती ती तुमच्याकडे आहे तीच, हेलिओस ४४-२, ५८ एमएम, एफ २. जपानी कॅमेरा मास्तरांच्या पगारात बसत नव्हता, रशियन बसला. ३६ फोटोंचा कृष्णधवल रोल शिमग्यापासून गणपतीपर्यंत पुरवायचा. एकेका फोटोआधी ते दोन पावलं मागेपुढे करायचे, कडं फिरवायचे, परत फिरवायचे, आणि आम्ही पोरं ताटकळत उभी. माझ्या आईचा तरुणपणीचा जो एकमेव धड फोटो घरात आहे, तो या लेन्सनं काढलेला. अण्णा २००९ साली गेले.

दादानं २०१३ मध्ये नवा डीएसएलआर घेतला, तोही निकॉनच. दिवाळीत घरी आल्यावर कपाटातून झेनिट काढला, लेन्स आटे फिरवून सोडवली आणि ऑनलाइन मागवलेल्या एका पातळ रिंगनं आपल्या कॅमेऱ्यावर चढवली. समोर बसलेल्या आईचा चेहरा फोकस झाला. मागच्या पडवीतला खांब होईना, अंगणातला माड तर अजिबातच होईना. दादा म्हणाला, "गेली ही. आतलं काहीतरी सरकलंय." दादा इंजिनिअर, घरातल्या यंत्रांवर त्याचा शब्द शेवटचा. लेन्स परत चामड्याच्या कव्हरात गेली आणि कव्हर कपाटाच्या खालच्या खणात.

आता खरं काय ते ऐका, आणि भावाला वाचून दाखवा. लेन्स जिथे टेकते तिथपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक कॅमेऱ्याचं ठरलेलं असतं. हेलिओसचा एम-४२ माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायची आट्यांची पद्धत, ४५.४६ मिलिमीटरला बेतलेला आहे. निकॉन डीएसएलआरमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर. म्हणजे लेन्स लावण्याआधीच ती एक मिलिमीटर लांब गेली, वर रिंगची जाडी वेगळी. भिंग सेन्सरपासून जितकं पुढे जाईल तितकं जवळचं फोकस होतं आणि लांबचं हातातून सुटतं. ५८ एमएमच्या लेन्सला दोन मिलिमीटर पुढे ढकललं, तर पावणेदोन मीटरच्या पलीकडचं काहीही स्पष्ट दिसणार नाही. लेन्स कितीही चांगली असली तरी नाही. त्याच लेन्सला कॅननच्या डीएसएलआरवर ही अडचण येत नाही, कारण तिथे अंतर ४४ मिलिमीटर आहे. आणि तुमच्या सोनीत ते फक्त १८. उरलेले साडेसत्तावीस मिलिमीटर भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे अडॅप्टर. आत काच नाही, वायर नाही, काही नाही. म्हणून लेन्स "खराब" ठरवण्याआधी कोणत्या कॅमेऱ्यावर लावली होती ते विचारावं. आमच्याकडे हे कुणी विचारलं नाही, मीही नाही.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. आमचं घर बाजारपेठेजवळ. रात्री पायऱ्यांवर पाणी दिसलं तेव्हा आईला वर नेलं, औषधं नेली, माझी कॅमेऱ्याची बॅग नेली. बॅगेत बॉडी होती. पक्ष्यांसाठी घेतलेली तीन वर्षांची ऑटोफोकस झूम खाली टेबलावर राहिली, आणि झेनिट खालच्या खणात. पाणी ओसरल्यावर घरात जो चिखल होता तो ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. बोटांना लागला की साबणानंही जात नाही. चामड्याचं कव्हर फुगून बटण निघेना, शेवटी सुरीनं कापलं. झेनिटच्या शटरचे कापडी पडदे चिकटून गेले होते. हेलिओस हातात घेऊन कलती केली, तर पुढच्या भिंगामागे गढूळ पाणी डोललं.

दादा तिसऱ्या दिवशी पुण्याहून पोचला. त्यानं घर उपसायला जे कष्ट केले ते मी विसरणार नाही. पण गल्लीत गाद्या आणि फ्रिजांचा जो ढीग लागला होता त्यात त्यानं लेन्स टाकली, आणि मी ती उचलून आणली. "आधीच गेलेली होती, आता काय उरलंय तिच्यात?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अण्णांची होती, एवढंच.

दोन्ही लेन्स स्वच्छ पाण्यानं विसळल्या, कारण गाळ सुकला की काचेवर ओरखडे हमखास. झूम घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथे सांगितलं, आतला सर्किट बोर्ड बदलावा लागेल, मोटरही, आणि बोर्ड मिळत नाही. तीन वर्षांची लेन्स, काचा शाबूत, आणि तरी भंगार. हेलिओस मुंबईत एका दुरुस्तीवाल्याला दाखवली. त्यानं हातात न घेताच सांगितलं की उघडायची मजुरी लेन्सपेक्षा जास्त होईल, असली लेन्स कुणी उघडत नाही.

मग मी उघडली. घरच्या टेबलावर, पांढऱ्या पंचावर. घड्याळजींच्या बारीक पेचकसानं कड्याचे तीन छोटे स्क्रू सैल केले, नाव कोरलेलं पुढचं कडं रबराच्या बुचानं दाबून फिरवलं. हेलिओसमध्ये सहा भिंगं चार गटांत असतात, म्हणजे मधे दोन जोडभिंगं, प्रत्येकात दोन भिंगं एकमेकांना चिकटवलेली, आणि बाकी दोन सुटी. सुटी निघतात, पुसता येतात. अॅपर्चरच्या, म्हणजे उजेडाचं भोक लहानमोठं करणाऱ्या, आठ पात्यांवर तांबूस डाग आले होते. व्हाइट पेट्रोलमध्ये बुडवलेल्या कापसानं एकेक पाती पुसली. या पात्यांना तेल लावायचं नसतं, त्या कोरड्याच चालतात. फोकसच्या आट्यांतलं जुनं ग्रीस गाळ खाऊन घट्ट झालं होतं. ते पूर्ण काढून नवं, अगदी पातळ थर.

आणि इथे चूक झाली. फोकसच्या आट्यांना शिरायची तोंडं अनेक असतात. कुठल्याही तोंडातून कडं बसतं, मऊसूत फिरतं, पण बरोबर तोंड एकच. सुटताना कुठे सुटलं ती खूण करायची असते. मी केली नव्हती. तपासायला म्हणून अडॅप्टर मागवला, लेन्स माझ्याही ए-६००० वर चढवली, गच्चीवर जाऊन परशुरामच्या डोंगरावरच्या दिव्यावर रोखली, तर दिवा पिवळ्या लाडवाएवढा. फोकस होईना. दादाचंच खरं, असं त्या रात्री वाटलं. दुसऱ्या संध्याकाळी पुढचं तोंड, तिसऱ्या संध्याकाळी त्याच्या पुढचं. पाचव्या संध्याकाळी कडं अनंताच्या, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसच्या, खुणेशी आलं आणि दिवा टिंबाएवढा झाला. त्याच्या खाली रस्त्यानं उतरणाऱ्या गाडीचे दोन दिवे वेगवेगळे दिसत होते. मी कडं मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं. दिवा फुगला, पुन्हा टिंब झाला. लेन्समध्ये कधीच काही सरकलं नव्हतं. एक मिलिमीटरचा फरक होता, तोही दादाच्या कॅमेऱ्यातला. त्याच रात्री बसून ही माउंटची गणितं शोधून काढली.

आता शार्पनेस. पूर्ण उघड्या एफ २ ला मधला भाग चांगला, कडा मऊ. भोक लहान करून एफ ५.६ ते ८ ला तुम्हाला तक्रार करायला जागा राहणार नाही. उजेड समोरून आला तर कॉन्ट्रास्ट कमी होतो, कारण काचेवरचं कोटिंग जुन्या धाटणीचं, एकेरी आहे. हूड लावा, नाहीतर तळहात आडवा धरा. ए-६००० चा सेन्सर लहान असल्यानं ५८ एमएमची चौकट साधारण ८७ एमएमसारखी येते. माणसांच्या चेहऱ्यांना उत्तम, खोलीत चार जणांचा फोटो काढायला अडचण. आणि ज्या गरगरत्या पार्श्वभूमीसाठी लोक हेलिओसच्या मागे लागतात, ती चौकटीच्या कडांना होते. लहान सेन्सर नेमक्या त्याच कडा कापून टाकतो, त्यामुळे फुलफ्रेमवाल्यांच्या, म्हणजे फिल्मएवढा मोठा सेन्सर असणाऱ्यांच्या, फोटोंत दिसते तशी गरगर तुम्हाला मिळणार नाही. माझ्या मते बरंच आहे. ती गरगर हा लेन्सचा दोष आहे आणि लोक दोषासाठी पैसे मोजताहेत. महायुद्धाआधीच्या झाइस बायोटार या जर्मन लेन्सच्या धर्तीवर रशियनांनी ही लेन्स बनवली ती सरळ, स्वच्छ फोटोंसाठी.

दादा अजून लॅपटॉपवर फोटो दोनशे टक्के मोठा करून कानाजवळचे केस दाखवतो. बघ, नव्या लेन्सपुढे हे पुसट आहे. असेल पुसट. पण मी नव्या लेन्सशी स्पर्धा लावलीच नव्हती. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते त्याला अजून पटलेलं नाही: एका पुरात दोन लेन्स बुडाल्या. एक आजही चालते, कारण तिच्यात जे आहे ते पेचकसानं निघतं आणि डोळ्यांना दिसतं. दुसरी गेली, कारण नखाएवढा बोर्ड कुणाकडे शिल्लक नव्हता. ज्या वस्तूला मी उघडू शकत नाही, ती माझी किती? शार्पनेसचे आलेख काढणाऱ्यांनी या रकान्यातही आकडे भरावेत.

लेन्स जुळल्यानंतरच्या पहिल्या कोरड्या दिवशी आईला खिडकीशी बसवून या लेन्सनं फोटो काढला. एफ २.८, शटर १/१६०. तिनं विचारलं, "अण्णांचीच ना ही?" आणि मान थोडी डावीकडे वळवली. जुन्या फोटोत आहे तशीच. मी सांगितलं नव्हतं. आता दोन्ही फोटो शेजारी लावलेत.

कामाचं थोडं राहिलं. अडॅप्टर एम-४२ ते सोनी ई घ्या, साधा चालेल. ४४-२ ला अॅपर्चरची दोन कडी असतात, एकानं आकडा ठरवायचा आणि दुसऱ्यानं उघडझाप करायची, त्यामुळे पिन दाबणारा अडॅप्टर लागत नाही. मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर चालू द्यायचा पर्याय सुरू करा, नाहीतर कॅमेरा फोटोच काढणार नाही आणि तुमचा भाऊ पुन्हा लेन्सला दोष देईल. फोकस पीकिंगवर, म्हणजे फोकस झालेल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर, पूर्ण विसंबू नका, एफ २ ला ते फसवतं. चित्र मोठं करून डोळ्याच्या पापणीवर फोकस करा. बॉडीत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तर सावरणारी सोय, नाही, तेव्हा शटर १/१०० सेकंदापेक्षा मंद ठेवू नका. सीरियल नंबरचे पहिले दोन आकडे बहुतेक वेळा बनावटीचं वर्ष सांगतात. आमच्यावर ७९ आहे.

हेही सांगायला हवं: घरात रांगतं मूल असेल आणि त्याचेच फोटो काढायचे असतील तर नवी ऑटोफोकस ५० एमएम घ्या, हेलिओसनं दहातले आठ हुकतील. अण्णांसमोर आम्ही राहायचो तसं ताटकळत उभं राहणारं कुणी हवं. आणि बुरशी जोडभिंगाच्या आत, चिकटवलेल्या जागी गेली असेल तर ती पुसून निघत नाही, तिथे मी हरलो असतो. कोकणात राहत असाल तर लेन्स चामड्याच्या कव्हरात ठेवूच नका, हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि पुड्या तापवून पुन्हा वापरा. उघडायचीच वेळ आली तर पांढऱ्या पेन्सिलीनं खूण करा, मोबाइलवर प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या, मगच पुढचं कडं फिरवा.

आधी मात्र एवढंच करा. अॅपर्चर पूर्ण उघडा, मागून टॉर्च तिरका धरा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर त्याचा फोटो टाका, सुट्या भिंगावर आहे की जोडात ते बघून सांगतो.