विमान उतरता उतरता परत वर का गेलं?

प्रश्न : दिल्लीहून चिकलठाण्याला येत होतो, सोबत आई होती. रनवे दिसायला लागला, चाकं बाहेर आल्याचा आवाज झाला आणि एकदम इंजिन मोठ्यानं घुमायला लागलं, विमान परत वर. एक चक्कर मारून मग नीट उतरलं. शेजारचे काका म्हणले ऑटोपायलट रस्ता चुकला. खरंच चुकतो का तो? आई म्हणतीय आता विमानात पाय ठेवणार नाही. (एक वाचक, जालना)

उत्तर : दादा, चुकतो, पण बहुतेक वेळा ऑटोपायलट सांगितलेलंच करत असतो, सांगताना चूक झालेली असती. डिसेंबर १९९५ मधे कोलंबियातल्या काली शहराजवळ असंच झालं, उतरायची घाई चाललेली, रात्रीचा अंधार, दोन्ही बाजूला डोंगर, आणि पायलटनं रोझो नावाच्या बीकनसाठी (विमानाला दिशा कळावी म्हणून जमिनीवरून रेडिओ सिग्नल देणारं केंद्र) कॉम्प्युटरमधे नुसतं आर टाकलं तर यादीत सगळ्यात वर आला पार बोगोटाजवळचा रोमियो, तोच निवडला गेला. आपल्याकडं मॅपवर पिंपळगाव टाकलं की भलत्याच तालुक्यातलं निघतं ना, तसं. विमान गुपचूप डावीकडं वळलं, खाली येणं चालूच. लक्षात आलं तोवर डोंगर समोर. १५९ माणसं गेली हो, आणि मशीन बिघडलेलं नव्हतं.

दुसरी चूक उंचीची, मला हीच जास्त भयंकर वाटते कारण ती स्क्रीनवर दिसतच नाही. विमानातलं मुख्य उंचीचं मीटर हवेच्या दाबावर चालतं, म्हणून टॉवरवरून तिथला दाब सांगतात आणि पायलट तो आकडा लावतात. मे २०२२ मधे पॅरिसला १००१ च्या जागी १०११ सांगितलं गेलं. एवढ्यानं विमान साधारण २८० फूट खालून यायला लागलं आणि मीटर मात्र सगळं बरोबर दाखवतंय! जमिनीवरून रेडिओनं उतरायची रेघ देणारा आयएलएस त्या दिवशी बंद होता, नाहीतर दाबाचा आकडा चुकला तरी रेघ हलली नसती. वरून पाऊस. ठरलेल्या उंचीवर रनवे दिसंना म्हणून पायलटनं विमान वर घेतलं, तेव्हा ते जमिनीपासून अवघं ६ फुटांवर होतं, रनवे अजून दीडेक किलोमीटर लांब. वर घेतलं म्हणून सगळे वाचले.

याच वर घेण्याला गो-अराउंड म्हणतात, तुम्ही अनुभवला तो. ढगातून येताना साधारण १००० फुटांपर्यंत वेग, चाकं, रेघ सगळं जागेवर बसलेलं पाहिजे, नसंल तर वर जायचं असा नियमच आहे. आणि कारण दरवेळी ऑटोपायलटच असतं असं नाही, मागून जोराचं वारं असू शकतं, रनवेवर आधीचं विमान असू शकतं. आईला हे पॅरिसचं नक्की सांगा. पुढच्या वेळी असं झालं तर उतरताना दारात उभ्या असलेल्या क्रूला बिनधास्त विचारा कामून वर नेलं ते, सांगतात ते लोक.