गर्भाशय काढण्याआधी बीजं गोठवावीत का?

प्रश्न : डॉक्टर, मी ट्रान्स पुरुष (जन्मताना नोंद मुलगी म्हणून), वय 27. मूळ इचलकरंजीचा, नोकरी पुण्यात. तीन वर्षं टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतोय, पाळी कधीचीच बंद आहे. दिवाळीनंतर गर्भाशय आणि बीजाशयं काढायचं ठरलंय. मैत्रीण म्हणते, आधी बीजं काढून ठेव, पुढे मूल हवंसं वाटलं तर? पण एवढ्या इंजेक्शनांनंतर काही उरलं असेल का?

उत्तर : उरलेलं असतं. पाळी थांबली म्हणजे बीजाशय रिकामं झालं असं नाही. (म्हणूनच ज्यांचा जोडीदार पुरुष आहे, त्यांनी पाळी नाही म्हणून निर्धास्त राहू नये, दिवस जाऊ शकतात.) केरळातल्या झहाद या ट्रान्स पुरुषाने हार्मोन थांबवले आणि फेब्रुवारी 2023 मध्ये कोळिकोडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात त्याला बाळ झालं. त्याचं गर्भाशय शाबूत होतं.

खरं तर हे सगळं पहिल्या इंजेक्शनआधीच तुमच्याशी बोलायला हवं होतं. ट्रान्सआरोग्याच्या 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही तेच लिहिलंय. असो.

आधी रक्तातलं एएमएच हे हार्मोन तपासा, बीजांच्या साठ्याचा अंदाज येईल. बरेच डॉक्टर टेस्टोस्टेरॉन काही महिने थांबवायला सांगतात. मग बीजं वाढवण्यासाठी दहाबारा दिवस रोज पोटात सुई आणि अधूनमधून सोनोग्राफी. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना सुईपेक्षा योनीमार्गातून होणाऱ्या सोनोग्राफीची धास्ती जास्त असते. ती पोटावरून करता येते का, हे विचारायला लाजू नका. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन वाढू नये म्हणून लेट्रोझोलची गोळीही देतात. मधल्या काळात पाळी परत येऊ शकते, मनाची तयारी ठेवा. खर्च लाखाच्या घरात, वर साठवणुकीचं दरवर्षीचं भाडं.

आता अवघड भाग. गर्भाशय काढल्यावर बाळ वाढवणार कोण? 2021 च्या सरोगसी कायद्यात एकट्या पुरुषाला जागा नाही. एआरटी (कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांचा) कायदाही ‘जोडपं’ आणि ‘स्त्री’ एवढंच बोलतो, ट्रान्स पुरुषाचं नावही घेत नाही. मैत्रीण स्वतः गर्भ वाढवायला तयार असेल तर वैद्यकीयदृष्ट्या ते शक्य आहे, पण तुमच्या ओळखपत्रावर काय लिहिलंय आणि लग्न झालंय का, हे क्लिनिक आधी विचारणार. तेव्हा पैसे भरण्याआधी वकिलाला गाठा.

आणि गर्भाशय काढताना बीजाशयंही काढलीच पाहिजेत असं नाही. निदान एक ठेवता येईल का, हे सर्जनना आत्ताच विचारा.