एअर रायफलचे प्रश्न : नुसते ‘वायसर पाठवा’ लिहू नका

जळगाव, धुळे आणि नंदुरबारहून एअर रायफलच्या दुरुस्तीबद्दल आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसते : कंपनी पार्ट देत नाही, आणि दिला तर चुकीचा देते म्हणून परत पाठवावा लागतो. काही ठिकाणी दोष खरोखर कंपनीचा आहे. पण पुष्कळ पत्रांत नेमके काय बिघडले हे शोधण्याआधीच पार्ट मागवलेला दिसला. म्हणून या वेळी उत्तरे जरा सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : माझी स्प्रिंगची .177 रायफल पाच वर्षांची आहे. छर्रा आता पुठ्ठ्यात अडकून राहतो. कंपनीला ‘वायसर पाठवा’ म्हणून कळवले, बंदुकीचा फोटो पाठवला, तर भलतेच वायसर आले. घरी उघडून पाहू का? (चाळीसगाव)

गोंधळ ‘वायसर’ या शब्दातच आहे. आपल्याकडे नळीच्या सांध्यावरच्या छोट्या रबरी कड्यालाही वायसर म्हणतात आणि आतल्या पिस्टनच्या तोंडावरच्या टोपीलाही. पहिले ब्रीच सील, दुसरे पिस्टन सील. अख्ख्या बंदुकीच्या फोटोवरून तुम्हाला कोणते हवे हे समोरच्याला कळणार नाही.

आधी न उघडता तपासा. पहिली गोष्ट, दस्त्याचे स्क्रू. स्प्रिंगच्या बंदुकीला मागे-पुढे असा दुहेरी धक्का बसतो, त्याने ते ढिले होतात आणि नेम बिघडतो. मग नळीच्या सांध्यावर टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी ठेवा आणि मागे भक्कम आडोसा असलेल्या ठिकाणी छर्रा घालून एक बार काढा. पट्टी उडाली किंवा जोरात फडफडली तर हवा सांध्यातून जाते आहे, ब्रीच सील बदला. पट्टी हलली नाही, पण नळी मोडताना (बंदूक भरण्यासाठी खाली वाकवताना) मध्येच हात सैल पडतो, करकर आवाज येतो आणि बार सुटताना बंदूक थरथरते, तर स्प्रिंग तुटलेली आहे. तुटलेली स्प्रिंगही बार काढते, त्यामुळे ती लवकर लक्षात येत नाही. ही दोन्ही लक्षणे नसतील तर संशय पिस्टन सीलवर.

सील बहुधा जळते, आणि ते तेलाने. शिवणयंत्राचे तेल किंवा इंजिन ऑइल छर्रा घालायच्या भोकातून आत सोडले की पिस्टनच्या दाबाने हवा इतकी तापते की डिझेल इंजिनासारखे ते तेल पेट घेते. आवाज मोठा होतो, धूर येतो, बंदूक जोरात मारते असे वाटते. त्या प्रत्येक बाराला सील करपत असते आणि स्प्रिंगवर उलटा मार बसत असतो. रबरी किंवा प्लास्टिक सीलला तेल लागतच नाही म्हटले तरी चालेल. चामड्याचे वायसर असलेल्या जुन्या बंदुकींचे मात्र वेगळे आहे. चामडे सुकले की आक्रसते. त्याला शुद्ध सिलिकॉन तेलाचे 2 थेंब द्यावेत आणि बंदूक रात्रभर तोंड वर करून उभी ठेवावी. छर्रा न घालता रिकामा बार काढण्यानेही सील फुटते, कारण छर्र्यामुळे जी हवेची गादी तयार होते ती नसते आणि पिस्टन थेट जाऊन आदळतो.

ब्रीच सील घरी बदलता येते : टोकदार लाकडी काडीने जुने काढा, खाच पुसा, नवे बोटाने दाबून बसवा. ते नळीच्या पृष्ठापेक्षा साधारण पाव मिलिमीटर वर राहायला हवे. खाली बसत असेल तर खाचेत पातळ कागदाची कडी घालून उंची मिळवतात, पण तो तात्पुरता इलाज. स्प्रिंग आणि पिस्टन मात्र घरी उघडू नका. आतली स्प्रिंग सुटलेल्या स्थितीतही दाबलेलीच असते. मागचा बोल्ट किंवा पिन काढताच ती तोंडावर येते. त्यासाठी स्प्रिंग दाबून धरणारा शिकंजा हवा. तो ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच जा.

कंपनीला लिहिताना इतके कळवा : मॉडेल, बंदुकीवर कोरलेला क्रमांक, बोअर (नळीच्या भोकाचा व्यास), खरेदीचे वर्ष, बिलाचा फोटो, पार्टच्या आराखड्यातला त्या भागाचा क्रमांक आणि वर सांगितलेली लक्षणे. बंदुकीवरचा क्रमांक फार महत्त्वाचा. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये कंपन्या मधल्या काळात सीलचा आकार बदलतात आणि कोणत्या क्रमांकापासून बदलला हे त्यांच्या नोंदीत असते. आराखडा नसेल तर तोच आधी मागा. आणि काढलेला जुना भाग नवा बसून 50 बार होईपर्यंत फेकू नका.

प्रश्न : असे रबरी कडे एमआयडीसीत मिळते का? लेथवर पार्ट बनवून घेतला तर? (अमळनेर)

ओ-रिंग मिळते. जळगावच्या एमआयडीसीच्या परिसरात हायड्रॉलिक सील विकणाऱ्याकडे आतला व्यास आणि जाडी ही दोन मापे सांगा. मापे व्हर्निअरने खाचेची घ्या, जुन्या कड्याची नव्हे. ते दबून चपटे झालेले असते. कडकपणाही सांगावा लागतो : स्प्रिंगच्या बंदुकीच्या सांध्याला 70 शोअर चालते, हवेच्या सिलिंडरच्या बंदुकीत 90 शोअर लागते, कारण मऊ रबर दाबाने फटीत घुसून कापले जाते. लेथवर दस्त्याचा स्क्रू किंवा स्प्रिंगमधला मार्गदर्शक दांडा चांगला होतो. ट्रिगरचे खाचेचे भाग, सिलिंडर आणि व्हॉल्व्ह लेथवर कधीही करून घेऊ नका. ट्रिगरच्या खाचेला दिलेले पाणी उतरले (पोलादाचा कडकपणा गेला) किंवा कोन जरा चुकला की बंदूक हात न लावता सुटते.

‘जोरदार’ स्प्रिंगच्याही मागे लागू नका. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार बोअर .177 इंचापेक्षा जास्त असेल किंवा नळीच्या तोंडाशी ऊर्जा 20 जूलच्या वर जात असेल तर परवाना लागतो. 0.53 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 275 मीटर वेगाने निघाला की ही मर्यादा गाठली जाते.

प्रश्न : मुलगी 10 मीटर एअर रायफल खेळते. सकाळी 200 बार दाबाने (इथे बार म्हणजे दाबाचे एकक) भरलेले सिलिंडर दुपारी 213 दाखवते आणि रात्री परत उतरते. गळती आहे का? सर्व्हिस सेंटर पूर्ण रायफल पाठवा म्हणते. (भुसावळ)

ही गळती नाही, हे भुसावळचे ऊन आहे. बंद सिलिंडरातली हवा तापली की दाब वाढतो. 25 अंशांना 200 बार भरलेले सिलिंडर 45 अंशांना जवळपास 213 दाखवणारच. तेच सिलिंडर उन्हात उभ्या बंद गाडीत 65 अंशांपर्यंत तापले तर 227 पर्यंत जाते, आणि ज्या सिलिंडरची मर्यादा 200 आहे त्यावर हा फाजील भार आहे. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी 180 वरच थांबा; दुपारी ते साधारण 192 होईल. सिलिंडर गाडीत ठेवू नका. भरताना घाई केली तरी हवा तापते, म्हणून भरल्यावर अर्ध्या तासाने काटा उतरलेला दिसतो. तीही गळती नव्हे.

खरी गळती ओळखायची तर एकाच वेळी, एकाच खोलीत, सलग 3 दिवस काटा वाचून लिहून ठेवा. पहिल्या ते दुसऱ्या वाचनापर्यंत सिलिंडर रायफलीला लावून ठेवा, दुसऱ्या ते तिसऱ्या वाचनापर्यंत काढून. काढल्यावरही उतरतो आहे, तर दोष सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये. लावल्यावरच उतरतो, तर जोडाची ओ-रिंग किंवा रायफलीच्या आतला रेग्युलेटर (दाब स्थिर ठेवणारा भाग) वा बार सोडणारा व्हॉल्व्ह. साबणाचे पाणी कुंचल्याने जोडाला लावा आणि 5 मिनिटे बुडबुड्याची वाट पाहा. बारीक गळतीला वेळ लागतो. ही तीन दिवसांची नोंद सर्व्हिस सेंटरला पाठवलीत तर बहुतेकदा पूर्ण रायफल न मागता ते फक्त सिलिंडर मागतील किंवा सीलचा संच धाडतील.

सिलिंडर पाठवताना पूर्ण रिकामे करा आणि ‘रिकामे’ अशी चिठ्ठी आत-बाहेर लावा. दाब भरलेले सिलिंडर विमानाच्या पार्सलात चालत नाही. कुरिअरवाल्याला वस्तू काय आहे ते खरे सांगा, बिलाची प्रत सोबत ठेवा. पूर्ण रायफल पाठवावी लागली तर पीप साइट (नेम धरायचे मागचे भोक) काढून घरी ठेवा.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो. सिलिंडरवर महिना आणि वर्ष कोरलेले असते. बऱ्याच मॅच रायफलींच्या सिलिंडरला कंपनीने 10 वर्षांची मुदत घातलेली असते, काहींना 20. मुदत संपलेले सिलिंडर ‘अजून चांगले आहे’ म्हणून वापरायचे नाही. स्पर्धेत साहित्य तपासणीत ते अडवतात, आणि मुदतीतले सिलिंडर आणणे ही नेमबाजाचीच जबाबदारी असते. दुसरे : वेल्डिंगच्या दुकानातला किंवा दवाखान्यातला ऑक्सिजन भरून घेण्याचा मोह होतो, कारण हवेचा बाटला जवळपास मिळत नाही. ऑक्सिजन दाबाखाली ग्रीसला लागला की स्फोट होतो. टायरच्या कॉम्प्रेसरचा दाब 8 ते 10 बारच, त्याचा उपयोग नाही. हातपंप वापरा : 5 मिनिटे मारा, तितकाच वेळ थंड होऊ द्या, पाणी सोडायची चावी उघडून ओलावा काढा. श्रावणातल्या दमट हवेत हा ओलावा विशेष जमतो आणि तोच रेग्युलेटर खातो.

प्रश्न : आमच्या घरी पीकसंरक्षणाच्या परवान्याची 12 बोअर (काडतुसाची बंदूक) आहे. काडतुसे पुन्हा भरण्याचे प्रेस ऑनलाइन दिसते, त्याचा दांडा आणि डाय (साचा) मोडला तरी कंपनी फुकट बदलून देते म्हणतात. मागवू का? (वरणगाव)

मागवू नका. अमेरिकेतल्या काही कंपन्या अशा प्रेसचे मोडके भाग विनामूल्य बदलून देतात हे खरे, पण तिथे घरी काडतूस भरणे कायदेशीर छंद आहे. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याचे कलम 5 काडतूस बनवण्यासाठी वेगळा परवाना मागते. बंदूक बाळगण्याचा परवाना त्यात मोडत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीची शिक्षा किमान 7 वर्षांची आहे. तुमच्या गावातल्या आयुध निर्माणीत लहान शस्त्रांचा दारूगोळा बनतो, पण तिथल्या प्रत्येक टप्प्याला मोजमाप आणि तपासणी असते. घरी दारूचे माप थोडे चुकले तरी नळी फाटते.

दुरुस्तीलाही तेच कलम लागू आहे. 12 बोअरची टाचणी (काडतुसाला ठोकणारी फायरिंग पिन) किंवा स्प्रिंग मोडली तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच न्या, आपला परवाना दाखवा, पावती घ्या. भिजलेली काडतुसे उन्हात सुकवून वापरू नका. परवानाधारक विक्रेत्याला विचारून त्यांची विल्हेवाट लावा.

प्रश्न : रायफल घेऊन आठ महिने झाले. वॉरंटी वर्षाची आहे. विक्रेता म्हणतो मॉडेल बंद झाले, पार्ट नाही. (शहादा)

मॉडेल बंद होणे हे वॉरंटी नाकारण्याचे कारण नाही. फोनवर बोलणे थांबवा, सगळे लेखी करा. विक्रेता आणि कंपनी दोघांना एकच पत्र द्या : खरेदीची तारीख, दोष, कोणत्या दिवशी दाखवला, आणि 15 दिवसांत दुरुस्ती, बदली किंवा पैसे परत यांपैकी काय हवे ते. स्पीड पोस्टची पावती जपा. उत्तर आले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा; पुष्कळ कंपन्या इथेच वळतात. त्यानेही झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो, म्हणजे तुम्हाला नंदुरबारला. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोष उद्भवल्यापासून 2 वर्षे.

एक अडचण मात्र तुमच्याच हातची आहे. दरम्यान बंदूक बाहेर उघडली असेल, स्क्रूच्या डोक्यावर पान्याचे ओरखडे असतील, तर कंपनी तेच पुढे करेल. वॉरंटी चालू असेपर्यंत फक्त दस्त्याचे स्क्रू आणि ब्रीच सील, यापलीकडे हात लावू नका.

प्रश्न : शाळेच्या क्लबात स्प्रिंगच्या 4 आणि सिलिंडरच्या 2 रायफली आहेत. किती सामान जवळ ठेवावे? (धुळे)

ब्रीच सील 8, पिस्टन सील 2, मूळ ताकदीची स्प्रिंग 1, दस्त्याच्या स्क्रूंचे 2 संच. सिलिंडरच्या रायफलींसाठी जोडाच्या ओ-रिंगा 6, पंपाचा सील संच 1. सोबत निळा, म्हणजे मध्यम ताकदीचा, स्क्रू-लॉक (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून लावायचा चिकट द्रव), सिलिकॉन ग्रीसची छोटी डबी आणि नळी पुसायच्या लोकरी गोळ्या. लाल स्क्रू-लॉक आणू नका. तो तापवल्याशिवाय सुटत नाही आणि दस्ता जळतो. रबरी सामान झाकणाच्या डब्यात, अंधारात ठेवा आणि पाकिटावर खरेदीची तारीख लिहा. पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर पडलेले कडे न वापरताही कडक होते. नखाने वाकवल्यावर तडा दिसला तर टाकून द्या. छर्रे शिशाचे असल्याने सराव संपल्यावर मुलांनी साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याचा डबा उघडू नये.