कुत्रीला नराकडे नेमकं कधी न्यावं?

माजाचं रक्त दिसल्यापासून नववा दिवस बरा की अकरावा, असं विचारलंत. पण नुसत्या दिवसांवर विसंबू नका. काही कुत्र्या सातव्या दिवशीच तयार होतात, काहींना अठरावा उजाडतो. लाल स्राव वाळल्या गवताच्या काडीसारखा फिकट झाला, सुजलेला योनीचा भाग मऊ पडला आणि कमरेवर हात ठेवताच ती स्थिर उभी राहून शेपूट बाजूला घेऊ लागली, की वेळ जवळ आली समजा.

खात्रीसाठी डॉक्टरांकडून रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तपासून घ्या. मिलिलिटरला साधारण ५ नॅनोग्रॅमच्या आसपास अंडी सुटतात, पण ती पक्व व्हायला आणखी दोन दिवस लागतात. म्हणून अंडी सुटल्यापासून दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी मेटिंग करा. ती नराला हुसकावत असेल तर जबरदस्ती मुळीच नको. आणि पहिलाच माज असेल तर कृपया थांबा.